दोन मिलिमीटरची खाच

मेलवीथी, तंजावूर
बुधवार, सकाळच्या कॉफीनंतर

तीर्थरूप गंगाक्काच्या पायांवर धाकटा भाऊ भरद्वाज याचं डोकं. (नुसतं डोकं. हात टेकवता येत नाही, कारण पुढे येईल.)

इकडे सर्व क्षेम आहे. क्षेम म्हणजे सीतालक्ष्मीचा रक्तदाब उतरला आहे आणि माझा चढला आहे, त्यामुळे घराची सरासरी डॉक्टरांना पसंत पडली. तुझा गुडघा कसा आहे? तेल पाठवलं होतं ते लावतेस, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? तिरुवैयारूला कावेरीचं पाणी आलं असेल. आमच्या इकडे पाणी नळाला एक दिवसाआड येतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी मीच अंघोळीला उशीर करतो, अशी सीतालक्ष्मीची तुझ्याकडे तक्रार आहे. ती मी प्रामाणिकपणे पोचवली.

तेरा किलोमीटरवर राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला पत्र टाकणारा माणूस एकतर भांडलेला असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो, असं तू म्हणशील. मी भांडलेलो नाही. फोन केला नाही याचं कारण तुझा फोन. तू तो उचलतेस, आवाज मोठा करतेस आणि वीणेशेजारी जमिनीवर ठेवतेस. मग माझं बोलणं तू, तुझ्या सहा शिष्या आणि त्यांना न्यायला आलेल्या दोन आया मिळून ऐकता. मागच्या खेपेला मी माझ्या पोटाची तक्रार तुला सांगितली, तर पलीकडून कुणीतरी अनोळखी बाईने जिऱ्याचं पाणी सुचवलं. (गुण आला. त्यांना सांग.) आणि स्वतः यावं, तर डाव्या अंगठ्याला एवढं मोठं बँडेज आहे की बसच्या दांड्याला धरता येत नाही. म्हणून अप्पांनी आपल्याला मारून मारून शिकवलेली ही मराठी अक्षरं बाहेर काढली आहेत. चुका असतील. काढ, पण पत्र परत पाठवू नकोस.

तर अक्का, मी गिटार बनवतो आहे.

हा शब्द तुझ्या घरात उच्चारत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून लिहिला आहे. विकत आणलेली नाही, हाताने बनवतो आहे. कारण विचारशील तर, निवृत्तीनंतर माणसाने हात कामात ठेवावेत असं डॉक्टर म्हणाले, आणि सीतालक्ष्मी म्हणाली की ते स्वयंपाकघरात ठेवू नयेत. एवढंच कारण आहे असं मी सगळ्यांना सांगतो. तुलाही आत्तापुरतं तेच सांगतो.

आठ महिने झाले. पाठ आणि कडा फणसाच्या लाकडाच्या आहेत, तुझ्या वीणेच्याच जातीचं लाकूड. वरची पाटी स्प्रूस नावाच्या थंड देशातल्या झाडाची, बेंगळुरूहून मागवली. कडा पाण्यात भिजवून तापलेल्या नळीवर वाकवल्या. (तीन मोडल्या. चौथी आणि पाचवी वाकली.) आतल्या पट्ट्या बसवल्या, पाठ चिकटवली, पाटी चिकटवली, आणि जून महिन्याच्या एका सकाळी आमच्या दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, एक बंद पेटी तयार झाली, जिला मान नव्हती, तारा नव्हत्या, पण बोटाने ठोकलं की ती बोलत होती. आमच्या वीथीतले चार लोक येऊन ठोकून गेले. मी त्या दिवशी दुपारी दोन वेळा उठून तिला बघून आलो. मला वाटलं, झालं. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत बसून कालव्यांचे नकाशे काढणाऱ्या माणसाने एक गोष्ट प्रत्यक्षात उभी केली.

इथे थांबलो असतो तर हे पत्र पोस्टकार्डावर मावलं असतं.

पण गिटारीला काठ लागतो. इंग्रजीत त्याला बाइंडिंग म्हणतात. वरची पाटी जिथे कडेला मिळते तो सांधा उघडा राहतो. तिथून लाकूड दमट हवा पितं, आणि कुठे आपटलं तर तिथूनच उकलतं. म्हणून त्या सांध्याच्या बाहेरून, पेटीच्या चहूकडून, एक पातळ लाकडी पट्टी बसवतात. साडीला काठ असतो तसाच. फरक एवढाच, की साडीचा काठ विणकर बरोबरीने विणतो आणि गिटारीचा काठ बसवायला आधी गिटार कापावी लागते. दोन मिलिमीटर रुंद आणि सहा मिलिमीटर खोल अशी एक खाच पेटीच्या सगळ्या कडेने पाडायची, वरून एकदा आणि पाठीकडून एकदा. म्हणजे इतके महिने जे सांधे जुळावेत म्हणून जीव आटवला, नेमक्या त्याच सांध्यांवर पातं चालवायचं. हे ज्याने पहिल्यांदा केलं त्याच्या घरी त्या दिवशी काय झालं असेल, हा विचार मी बरेचदा करतो.

मला भीती वाटली नाही, हे कबूल केलं पाहिजे. खाच म्हणजे शेवटी काय, एक छोटा कालवा. तळ किती, रुंदी किती, काठ किती सरळ, हे मी आयुष्यभर कागदावर मांडलं. (मांडलं तसं खणलं मात्र कुणी नाही. निवृत्तीच्या दिवशी हार घालताना साइटवरच्या मुकादमाने मला प्रेमाने सांगितलं की साहेब, तुमचे नकाशे फार सुंदर असत, आम्ही त्यांवर डबे ठेवून जेवायचो.) मी मोठा कागद घेतला, गिटारीचा पूर्ण आकाराचा नकाशा काढला, खाचेचे छेद काढले, आणि बाण काढले. बाण महत्त्वाचे. लाकडाला रेषा असतात. यंत्र रेषेच्या उलट गेलं की लाकूड कापलं जात नाही, उचकटलं जातं. म्हणून गिटारीच्या वळणांप्रमाणे चार ठिकाणी यंत्राची दिशा बदलावी लागते. कुठून कुठे जायचं त्याचे चार सुरेख लाल बाण मी काढले आणि नकाशा भिंतीवर लावला.

खाच पाडायच्या या यंत्राला राउटर म्हणतात. मुठीत मावेल एवढं असतं आणि चालू केलं की राजवाड्यातल्या कबुतरांपर्यंत ऐकू जातं. पहिल्या दिवशी समोरच्या वासुकी मामी आल्या आणि पाणी किती फुटांवर लागलं असं विचारू लागल्या. त्यांना वाटलं, आम्ही बोअर मारतो आहोत. मी त्यांना नीट समजावलं. त्यांनी नीट ऐकलं, आणि जाताना सीतालक्ष्मीला म्हणाल्या, लागलं की आम्हालाही एक नळी द्या.

पहिला बाण बरोबर गेला असं मला वाटलं. दुसऱ्या बाणाला खांद्याजवळ असा आवाज आला, जसा चिंच फोडताना येतो, आणि स्प्रूसची बोटभर लांब कपची उडून तिण्णैवरून खाली गेली. मी यंत्र बंद केलं. नकाशा बघितला. नकाशात चूक नव्हती. मी नादात तो छताच्या नकाशासारखा काढला होता, म्हणजे खालून वर बघितल्यासारखा, त्यामुळे सगळे बाण उलटे होते. नकाशा बरोबर होता, अक्का, मी चुकीच्या बाजूला उभा होतो. कचेरीत असतो तर तसा शेरा मारून फाइल पुढे ढकलली असती.

ती कपची सीतालक्ष्मीने तुळशीच्या कुंडीतून शोधून आणली. तिने ती दोन बोटांत धरून माझ्यापुढे केली. मी कपची चिकटवली, पण जोड दिसत राहिला, आणि जोड लपवायचा एकच उपाय मला सुचला. खाच रुंद करायची. दोनाची तीन मिलिमीटर. तिनाला यंत्राने पाठीकडे एक ओरखडा काढला, म्हणून साडेतीन. एकदा हा मार्ग धरला की सुधारणा खूप जलद होते. कालव्यांचंही असंच व्हायचं.

मग मंगळवारी कमरेजवळ ते झालं. (मागच्या महिन्यातला मंगळवार. त्या दिवशी तू देवळात माझ्या नावाने अर्चना केली होतीस असं नंतर कळलं, म्हणून तुला मुद्दाम कळवतो.) राउटरच्या पात्याच्या टोकाला वाटाण्याएवढं एक बेअरिंग असतं. ते गिटारीच्या अंगाला टेकून फिरतं आणि पात्याने किती आत जायचं ते ठरवतं. त्याला धरणारा स्क्रू मी हाताने आवळला होता, पान्याने आवळायचा राहिला. गिटारीच्या कमरेच्या वळणावर ते बेअरिंग निघून गेलं, आणि पात्याला सांगणारं कुणी उरलं नाही. ते सरळ आत शिरलं. कड कापली, आतली पट्टी कापली, आणि मी हात मागे घेईपर्यंत चार बोटं लांब भगदाड पडलं. बेअरिंग अजून सापडलेलं नाही. सीतालक्ष्मी तेव्हापासून डाळ दोनदा निवडते.

मी खाली बसलो आणि त्या भोकातून आत बघितलं. वरच्या पाटीतल्या गोल भोकातून ऊन आत येत होतं आणि मला माझ्याच हाताने चिकटवलेल्या पट्ट्या दिसत होत्या, ओळीने, व्यवस्थित. आतलं काम चांगलं होतं, अक्का. ते कुणाला दिसणार नव्हतं, तेवढंच चांगलं झालं होतं.

दोन दिवस तिच्यावर माझी नेसायची जुनी वेष्टी टाकून ठेवली. तिसऱ्या दिवशी त्याच वेष्टीत गुंडाळून, ऑटो करून, मी शिवगंगा तळ्यामागे राममूर्ती आसारींकडे गेलो. तू त्यांना ओळखतेस. माझ्या लेकीची, अखिलाची वीणा त्यांनीच केली होती. आता पंच्याहत्तरीला आले आहेत, पण अजून सकाळी सहाला पटाशी हातात असते. फणसाचा एक अखंड ओंडका पुढे घेऊन बसले होते आणि त्याच्यातून वीणेचं पोट कोरत होते. मी वेष्टी सोडली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, गिटार मांडीवर घेतली, फिरवली, ठोकली, आणि विचारलं, "सार, ही पेटी कुणी केली?"

"मीच केली."

"काम बरं आहे. आणि हा काठ कुणी कापला?"

"मीच."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि एकदा गिटारीकडे. म्हणाले, "दोन माणसं वाटतात."

मग म्हणाले, यंत्र सोडा. यंत्राला घाई असते आणि तुम्हाला तर निवृत्ती आहे. त्यांनी एक हत्यार काढलं. आपले सुतार रेघ मारायला खतकस वापरतात तसंच, फक्त खिळ्याच्या जागी धारदार पातं. ते कडेला टेकवून ओढायचं, हलकेच, पहिल्यांदा नुसती रेघ, मग त्याच रेघेवर दहा वेळा, वीस वेळा. रेघ खोल गेली की पटाशीने आतलं लाकूड नखाएवढं नखाएवढं काढायचं. त्यांनी भगदाडाच्या पुढे दोन इंच मला करून दाखवलं. आवाज आला नाही. कुणी पाण्याची चौकशी करायला आलं नाही.

मी वेष्टी पुन्हा गुंडाळत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "कुणासाठी करताय?"

मी म्हणालो, मित्राच्या मुलीसाठी. (हो, खोटं. तू आत्ता ओठ आवळलेस ते मला इथून दिसलं.)

आसारी पटाशीची धार अंगठ्याने बघत म्हणाले, "तुमची अखिला एक गिटार घेऊन आली होती माझ्याकडे. सहा वर्षं झाली असतील. पाठ पूर्ण सुटलेली, कडा फुगलेल्या, वरची पाटी पापडासारखी. मला म्हणाली, ताता, काही करता येईल का. मी म्हटलं, पोरी, पाण्यात किती वेळ होती? म्हणाली, तीन दिवस. मी रागावलो तिच्यावर. नऊ वर्षं वीणा शिकलेली मुलगी वाद्य पावसात ठेवते? तर म्हणाली, माझीच चूक ताता, मीच बाहेर विसरले."

मी वेष्टीला गाठ मारली. त्यांनी शिसवीच्या काळ्या लाकडाच्या चार लांब पट्ट्या काढून माझ्या हातात दिल्या आणि पुन्हा ओंडक्याकडे वळले.

आता तुला सांगतो, कारण तुला न सांगता हे पत्र पुढे जात नाही. ती गिटार अखिला विसरली नव्हती. ती तेव्हा त्रिचीला वसतिगृहात होती. शिकवण्या करून तिने जुनी का होईना, स्वतःची गिटार घेतली होती आणि सुट्टीत इथे ठेवून गेली होती. तू तेव्हा म्हणाली होतीस की या मुलीने वीणेचा हात सोडला, आणि तिच्याशी बोलणं बंद केलंस. मी बोलणं बंद केलं नाही. मी नात्यातल्या सुंदरच्या मुंजीत, जेवणाच्या पंगतीत, बारा माणसांसमोर तिला म्हणालो की हे वाद्य जाहिरातीच्या गाडीवर शोभतं. ती पानावरून उठली नाही. पायसम् घेतलं, संपवलं, आणि मग उठली. त्यानंतर दिवाळीआधी आपल्याकडे भिंतींना चुना लावायचा होता म्हणून मी सगळं सामान मागच्या अंगणात काढलं. दुपारी ऐप्पसी महिन्याचं पावसाळी आभाळ भरून आलं. मी पळत पळत सगळं आत आणलं. नकाशांच्या गुंडाळ्या आणल्या, रद्दीचे गठ्ठे आणले, तीन पायांची खुर्ची आणली. गिटार भिंतीला टेकून उभी होती. ती मला दिसली, अक्का. मी खुर्ची घेतली आणि दार लावलं.

पाऊस तीन दिवस होता. मग ती सुट्टीला आली, अंगणात गेली, आत आली, आणि मला म्हणाली, "अप्पा, कॉफी करू का?" त्यावर आमच्यात आजवर याहून जास्त बोलणं झालेलं नाही. बोलतो आम्ही. नोकरी कशी आहे, चेन्नैला पाणी आहे का, बस वेळेवर मिळाली का. ती प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देते. एवढी नीट उत्तरं ती आपल्या साहेबालाही देत नसेल.

मला वाटायचं तिला कळलं असेल की मी मुद्दाम केलं. मला वाटायचं ती कुणाला तरी सांगेल, आणि मग कुणीतरी येऊन मला बोलेल. सहा वर्षं मी त्याची वाट बघितली. तिने दोष स्वतःकडे घेतला आणि तोही एका म्हाताऱ्या आसारीच्या शिव्या खाऊन, हे मला त्या दिवशी तळ्यामागच्या गल्लीत उभं राहून कळलं. ऑटोवाल्याने मला दोनदा विचारलं, सार, कुठे जायचं. मला मेलवीथी आठवेना.

असो. भगदाडाचं सांगायचं राहिलं. आतून नवीन पट्टी चिकटवायची होती आणि आत हात घालायला तेवढं एक गोल भोक. माझा हात जाईना. सीतालक्ष्मीने उजव्या हातातल्या बांगड्या काढून कठड्यावर ठेवल्या, मनगटाच्याही वरपर्यंत हात गिटारीच्या पोटात घातला आणि पट्टी दाबून धरली. डिंक धरेपर्यंत वीस मिनिटं. मी बाहेरून कपडे वाळवायचे चिमटे लावले. तेवढ्यात वासुकी मामी आल्या. त्यांनी हा देखावा बघितला, आणि प्रसूतीच्या घरी जसा आवाज लहान करतात तसा करून विचारलं, सगळं ठीक ना?

"ठीक आहे," सीतालक्ष्मी म्हणाली, "पाय आधी आलेत."

मामी गेल्यावर हात तसाच आत ठेवून तिने मला विचारलं, "अखिलाला कळवायचं का?"

मी म्हणालो, "नको. होईल की नाही कुणास ठाऊक. झाली की बघू."

"बरं," ती म्हणाली. आमच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली. त्यांत तिने इतक्या सहज "बरं" म्हटल्याचं हे दुसरं उदाहरण. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण माझं लक्ष चिमट्यांवर होतं.

त्यानंतर एकोणीस दिवस मी ती खाच हाताने कापली. सकाळी कॉफी झाली की तिण्णैवर बसायचं, तिथे दहापर्यंत चांगला उजेड असतो. पात्याने रेघ, त्याच रेघेवर पुन्हा रेघ, मग पटाशी. दिवसाला जेमतेम वीत. पहिले दोन दिवस मी आसारींसारखं करायला गेलो आणि तिसऱ्या दिवशी पटाशी लाकूड सोडून अंगठ्यात गेली. (चार टाके. डॉक्टरांनी विचारलं काय करत होता, मी म्हणालो तुम्हीच सांगितलेलं, हात कामात ठेवत होतो.) चार दिवस सुट्टी घेतली, मग बँडेजसकट पुन्हा बसलो. चुकत होतो, पण हाताने चुकलं की केसभर चुकतं आणि लगेच कळतं. यंत्राने चुकलं की ते तळ्यापल्याडच्या माणसालाच दुरुस्त करता येतं. खाच आता सगळीकडून पाच मिलिमीटर झाली आहे. दोनाच्या पाच. पुस्तकात असा रुंद काठ कुठल्याच गिटारीला दाखवलेला नाही. मी सीतालक्ष्मीला म्हणालो, जरा जास्तच रुंद झाला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काठ रुंद असला की लुगडं भारी दिसतं." बत्तीस वर्षांत मला मिळालेलं हे बहुधा तिसरं प्रशस्तिपत्र, आणि तेही लुगड्याच्या नावाने.

काल शेवटची वीत संपली. कमरेच्या वळणावर खाच जराशी नागमोडी आहे. बोट फिरवलं की कळतं, डोळ्याला दिसत नाही. आता शिसवीच्या पट्ट्या वाकवून बसवायच्या राहिल्या आहेत. अखिला येत्या शनिवारी येते आहे, चार दिवसांसाठी. दीड वर्षाने येते आहे.

तुझ्या शिष्यांना आशीर्वाद. जिरेवाल्या बाईंना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव. भावाचं लिहिणं लांबलं, तर ते मोठ्या बहिणीने सांभाळून घ्यावं, दुसरं कोण घेणार.

तुझा,
भरद्वाज

ता. क. हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते लिहायचंच राहिलं. शनिवारी तू ये. मी ऑटो पाठवतो, गुडघ्याला त्रास होणार नाही. आणि आल्यावर ती गिटार तू अखिलाला दे, तुझ्याकडून म्हणून. राममूर्ती आसारींकडून करून घेतली असं सांग; आसारींना मी गाठीन. तुझ्यासारख्या वीणेवाल्या बाईच्या तोंडून गिटार हा शब्द यायचा म्हणजे काय, हे मला समजतं, म्हणूनच ही गोष्ट वर न लिहिता खाली लिहितो आहे. पण तू दिलीस तर ती रडेल, किंवा भांडेल, काहीतरी करेल. तू तिच्याशी सहा वर्षं बोलली नाहीस, त्याचंही त्यात होऊन जाईल. मी दिली तर ती म्हणेल, "थँक्स अप्पा, छान आहे," आणि कॉफी करू का विचारेल. ते मला ऐकवणार नाही. दुसरं काही मागत नाही.

ता. क. २. गुरुवार सकाळ. पत्र अजून पोस्टात पडलेलं नाही, कारण पाकीट सीतालक्ष्मीने माझ्या हातातून घेतलं आणि कुणाला एवढं जाड लिहिलं असं विचारलं. मी सांगितलं. ती पहिल्यांदा हसली, मग बसून हसली. तेव्हा वरचा ता. क. रद्द समज. अखिलाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. सीतालक्ष्मी तिला रोज फोटो पाठवते. मोडलेल्या तीन कडा, तुळशीतली कपची, भगदाड, आसारींच्या गल्लीत ऑटोजवळ उभा असलेला मी (हा फोटो ऑटोवाल्याकडून कसा मिळवला ते ती सांगत नाही). अंगठ्याचे टाके तर अखिलाने मोजले. आणि अक्का, त्याहून पुढचं असं, की अखिला तुला दर रविवारी फोन करते म्हणे. गेलं सव्वा वर्ष. फोटो तूही बघतेस. माझ्या नकाशातले बाण उलटे आहेत हे तुम्हा दोघींना मी यंत्र चालू करायच्या आदल्या दिवशीच दिसलं होतं, पण तू म्हणालीस, करू दे त्याला. म्हणजे या पत्रात तुला ठाऊक नाही असं एकच वाक्य असेल तर ते खुर्चीचं. आणि सीतालक्ष्मी म्हणते, तेही असेल.

मी पत्र फाडणार होतो. पण बारा पानं आहेत आणि अंगठा दुखतो, म्हणून टाकतो आहे.

ता. क. ३. अखिलाने आत्ता निरोप पाठवला, पहिल्यांदाच थेट मला. तिचेच शब्द लिहितो: "अप्पा, पट्ट्या लावू नका. शनिवारी मी आल्यावर लावू. दोन हातांचं काम नाही ते." खरं आहे. डिंक लावून पट्टी खाचेत बसवायची आणि सुटू नये म्हणून इंचाइंचावर चिकटपट्टी ओढून बांधत जायचं. एकाने पट्टी दाबायची, एकाने बांधायचं, आणि एकाने चिकटपट्टीचे तुकडे फाडून भराभर द्यायचे. तिसरं माणूस कमी पडतं आहे. सीतालक्ष्मी म्हणते तिला त्या दिवशी स्वयंपाक आहे. तू ये. माझा अंगठा बांधलेला, अखिलाने तारांसाठी नखं कापलेली, आणि चिकटपट्टीचं टोक आम्हा बापलेकींना जन्मात सापडायचं नाही. तुझी वीणेची नखं आहेत.